पिकाच्या राखणीसाठी बंदूक घ्यायचीय? परवान्याआधी हे समजून घ्या

हरभरा घाट्यावर आला, तूर शेंगांनी भरली की आर्वी तालुक्यातल्या कितीतरी घरांतला एक माणूस रात्री घरी नसतो. तो वावरात असतो, जागलीला. मचाण, टॉर्च, बडवायला एखादा जुना डबा, जमलं तर फटाके. एवढं करूनही सकाळी बघावं तर रानडुकरांनी तासंच्या तासं उकरून ठेवलेली असतात, नाहीतर रोह्यांचा कळप अर्धं वावर तुडवून गेलेला असतो. मग चहाच्या टपरीवर विषय निघतोच. "एक बंदूकच घेऊन टाकावी म्हणतो."

विषय निघाला की सोबत तीन-चार ठाम मतंही निघतात. पिकासाठी परवाना सहज मिळतो. परवाना असला की डुक्कर मारता येतं. बापाची भरमार घरात आहेच, तिला कशाला परवाना लागतो. यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही. आणि ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी, तो तर टपरीवर कुणी विचारतच नाही. ही वस्तू वापरायला शिकवणार कोण, आणि घरात ठेवायची कशी?

तर एकेक करून बघू.

कायद्यात शेतकऱ्याचा उल्लेख आहे

भारतात बंदूक बाळगणं हा हक्क नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार त्यासाठी परवाना लागतो. पण याच कायद्याच्या कलम 13 मध्ये पिकाच्या संरक्षणाचा थेट उल्लेख आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी नागरिकाला भरमार बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायच्या बंदुकीचा परवाना देता येतो. भरमार पुरेशी नाही, असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर किमान 20 इंच नळीची साधी छर्ऱ्याची बंदूकही मंजूर करता येते. आपल्याकडे जिला 'बारा बोअर' म्हणतात ती हीच.

जाता जाता, बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या 12 गोळ्या केल्या तर त्यांचं मिळून वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोअर बारापेक्षा लहान असते ती त्यामुळेच.

आर्वीच्या माणसासाठी परवाना देणारे अधिकारी म्हणजे वर्ध्याचे जिल्हाधिकारी. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि चौकशीचा अहवाल पोलिसांकडून जातो. अर्जदाराचं वय किमान 21 हवं. हिंसाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर परवान्याचा रस्ता बंद होऊ शकतो. जमीन कमी आहे किंवा नावावर मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून मात्र अर्ज नाकारता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. नाकारला तर अपील करता येतं.

2019 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. एका माणसाला जास्तीत जास्त 3 ऐवजी 2 बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षं झाली. बिनपरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षाही याच दुरुस्तीने वाढली. आता ती किमान 2 ते कमाल 5 वर्षं कैद आणि दंड अशी आहे.

प्रशिक्षणाचा दाखला कशाला?

2016 च्या शस्त्र नियमांनी एक महत्त्वाची गोष्ट आणली. परवान्यासाठी शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. बंदूक कशी धरायची, कशी न्यायची, कशी साफ करायची, कुठे ठेवायची, हे त्यात शिकवणं अपेक्षित असतं. सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यात मानसिक आरोग्याचा आणि नशेची सवय नसल्याचा उल्लेख हवा. अनेक दशकांपासून दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात हा शेवटचा मुद्दा तसा गमतीचा वाटेल, पण बंदुकीतली दारू आणि पोटातली दारू एका रात्री एकत्र आली की काय होतं, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

प्रशिक्षण कागदावर आहे, हे चांगलंच. पण माझं मत विचाराल तर इथेच सगळ्यात मोठी फट आहे. ज्यांच्या घरात परवाना 2016 च्या आधीपासून चालत आलाय, त्यांनी तो काढला तेव्हा अशा दाखल्याची अटच नव्हती. कॉलेजात एनसीसी केलेली मुलगी पॉइंट टू टू रायफल हातात घेण्याआधी कवायतीच्या मैदानावर कित्येक तास घालवते. रेंजवर हुकूम मिळाल्याशिवाय तिला बोट चापावर ठेवता येत नाही. तिच्या आजोबांनी मात्र बंदूक वापरली ती त्यांच्या वडिलांचं बघून. दोघांत बंदुकीची सवय कुणाला जास्त? आजोबांना. सुरक्षित सवय कुणाला? बहुतेक वेळा नातीला.

जगात कुठल्याही रेंजवर गेलात तरी शिकवणीची सुरुवात चार गोष्टींनी होते. बंदूक भरलेलीच आहे असं धरून वागायचं, तुम्ही स्वतः दोन मिनिटांपूर्वी रिकामी केलेली असली तरी. ज्याला गोळी लागू नये असं वाटतं, त्याच्याकडे नळीचं तोंड कधीही वळवायचं नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि समोर नेमकं काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय बार काढायचा नाही. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की माणूस मान डोलावून विसरून जातो. म्हणून ते हाताला लावून घ्यावं लागतं आणि त्यासाठी शिकवणारा समोर लागतो.

भरमार: साधी दिसते, तशी नाही

कायदा शेतकऱ्याला पहिल्यांदा भरमार देऊ करतो, कारण ती कमी ताकदीची, एका वेळी एकच बार काढणारी आणि पुन्हा भरायला वेळ घेणारी. गैरवापर करायला ती अवघड. पण वापरणाऱ्यासाठी ती सोपी आहे का? अजिबात नाही.

ती चालते कशी बघा. नळीच्या तोंडातून मोजून काळी दारू ओतायची. वरून चिंधीचा किंवा कागदाचा बोळा गजाने ठासायचा. मग छर्रे, मग पुन्हा बोळा. मागच्या बाजूला निपलवर छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. प्रत्येक पायरीवर चुकायला जागा आहे.

पहिली अडचण म्हणजे भरमार भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. बारा बोअर मधून मोडली की काडतूस दिसतं. भरमारीत तशी सोय नाही. जुनी जाणती माणसं यासाठी गजावर खूण करून ठेवत. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो तिथे एक रेघ. गज त्या रेघेच्या वर थांबला तर आत काहीतरी आहे. ही खूण नसलेल्या घरात दुसऱ्या माणसाने पुन्हा दारू भरली की दुप्पट बार होतो आणि नळी फुटते.

दुसरी अडचण त्याहून वाईट. भरलेली भरमार रिकामी करायची तर सरळ मार्ग एकच, बार काढणं. आतला बोळा उपसून काढता येतो, पण तेही जोखमीचं. मग होतं काय, रात्री जागलीला भरून नेली, डुक्कर आलंच नाही, पहाटे तशीच भरलेली घरी आणून खुंटीला टांगली. टोपी काढली म्हणजे झालं, असं वाटतं. आत दारू आणि छर्रे तसेच. आठ दिवसांनी कुणीतरी 'रिकामी आहे' म्हणून हातात घेतं.

तिसरी गोष्ट काळ्या दारूची. ती ठिणगीला फार संवेदनशील असते, त्यामुळे भरताना बिडी ओढणं म्हणजे वेडेपणा. ती ओल धरते, म्हणून पावसाळ्यात चाप ओढल्यावर लगेच बार निघेल याची खात्री नसते. टोपी वाजली आणि काही झालं नाही तर नळीत डोकावून बघायचा मोह होतो. नेमका तोच क्षण घातक, कारण आत दारू धुमसत असू शकते आणि बार उशिरा सुटू शकतो. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट तसंच थांबायचं.

आणि बार काढल्यावर नळीत जी काजळी राहते ती लोखंड खाते. धुतली-पुसली नाही तर गंज चढतो, नळी आतून कमजोर होते. मचाणावर चढताना नळीचं तोंड मातीत टेकलं आणि आत चिखलाचा गोळा बसला, तर पुढचा बार समोर जाण्याऐवजी नळी फोडून बाजूने निघू शकतो. बारा बोअरलाही हे लागू आहेच. म्हणून चढताना बंदूक रिकामी हवी. आधी माणसाने वर चढायचं, मग रिकामी बंदूक दोरीने वर ओढायची, तीही नळी खाली किंवा बाहेरच्या दिशेला ठेवून. भरायची ती वर स्थिर बसल्यावर.

"मला वाटलं डुक्कर आहे"

2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यातल्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला होता. गटातली काही माणसं मागे राहिली होती, ती मागाहून आली. झाडीत हालचाल दिसली आणि डुक्कर समजून कुणीतरी गोळी झाडली. ती लागली सोबत्यालाच. घाबरलेल्या लोकांनी मृतदेह जंगलात लपवला, पोलिसांना काही दिवसांनी सुगावा लागला आणि मग अटका झाल्या.

ही माणसं सराईत गुन्हेगार नव्हती, एकमेकांना ओळखणारी गावातलीच होती. म्हणूनच हे प्रकरण जागलीला बसणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवं. अंधारात, थकलेल्या डोळ्यांना, ज्याची वाट बघतोय तेच दिसतं. माणूस आवाजावर नेम धरतो.

आता हे आर्वीच्या वावरात आणून बघा. कार्तिकात तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. त्यात काय शिरलंय ते पानांच्या हालचालीवरूनच कळतं. शेजारच्या वावरातही जागल्या आहे. कालव्याचं पाणी रात्रीच्या पाळीला आलं असेल तर तिसऱ्या वावरात कुणीतरी दांड फोडत वाकलेला आहे. वीज रात्रीची मिळते, तेव्हा मोटर चालू करायला धुऱ्यावरून येणारा माणूस वेगळाच. टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे गाईचे, कुत्र्याचे, कोल्ह्याचे, बिबट्याचे कुणाचेही असू शकतात. नुसत्या डोळ्यांवरून जनावर ओळखता येतं असं सांगणारे भेटतात. त्यांच्या शेजारच्या वावरात मी तरी जागलीला बसणार नाही.

छर्रा किती लांब जातो, याचाही अंदाज चुकतो. काडतुसावर जे नंबर आणि अक्षरं असतात, ती छर्ऱ्याचा आकार सांगतात. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे जुन्या ओळखीची. त्यात एलजी म्हणजे मोठे आणि मोजके छर्रे, 4 किंवा 6 नंबर म्हणजे बारीक आणि शेकडो. बारीक छर्रा लवकर दम सोडतो. एलजीचा छर्रा मात्र नेमाच्या टप्प्यात जनावर नसलं तरी काही शे मीटर पुढे जाऊन माणसाला जखमी करू शकतो. 5 एकराच्या चौकोनी वावराची एक बाजू साधारण 140 मीटर भरते. म्हणजे तुमच्या धुऱ्यावर छर्रा थांबेल, असं समजू नका.

मचाणाचा इथे एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वरून खाली बार काढला तर चुकलेला छर्रा जमिनीत जातो. जमिनीवर बसून आडवा बार काढला तर तो गावाच्या दिशेनेही जाऊ शकतो.

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो. रानडुक्कर आणि रोही यांना संरक्षण आहे ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. दोन कायदे, दोन खाती. पहिल्या खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात चालत नाही.

वन्यजीव कायद्याच्या कलम 11 नुसार एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर ठरावीक सूचीतल्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतात. महाराष्ट्र सरकारने जुलै 2015 मध्ये शासन निर्णय काढून रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही परवानगी तालुक्याच्या पातळीवर, वनक्षेत्रपालाकडून मिळण्याची सोय केली. म्हणजे मार्ग आहे. पण अर्ज, नुकसानीची पाहणी आणि हातात परवानगी, हा क्रम सोडून चालत नाही. हरीण, सांबर किंवा मोर यांना तर हे लागू नाहीच.

बिनपरवानगी मारलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या सूचीतला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल तर शिक्षा 3 वर्षांपासून सुरू होते आणि 7 वर्षांपर्यंत जाते. शिवाय परवानगीने मारलेलं डुक्करही तुमचं होत नाही. कलम 39 नुसार ती सरकारची मालमत्ता. वन विभागाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा. गावजेवणाचा बेत आखायचा नाही.

वर्धा जिल्ह्यासाठी यात आणखी एक कलम महत्त्वाचं आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 नुसार अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय बंदुकीचा नवा परवाना देता येत नाही. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्या परिघात ज्यांच्याकडे परवाना होता, त्यांनी वन विभागाकडे नाव नोंदवणंही अपेक्षित आहे. आपल्या जिल्ह्यात बोर अभयारण्य आहे, 2014 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते, पण त्यातला वाघ सीमा मोजून चालत नाही. बोरच्या आसपासच्या गावात तुमचं वावर असेल तर अर्ज भरण्याआधी हे अंतर मोजून घ्या. नाहीतर कागद कुठे अडकलाय हेच कळणार नाही.

मग एवढ्या खटाटोपापेक्षा तारेत करंट सोडलेला काय वाईट, असं कुणीतरी म्हणतंच. ते सगळ्यात वाईट. वावराच्या तारेत घरगुती वीज सोडल्यावर ती डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला आलेला चुलत भाऊ यांच्यात फरक करत नाही. विदर्भात दरवर्षी कुठे ना कुठे यात माणसं मरतात आणि तार लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचा झटका वेगळा. तो क्षणभराचा, थांबून थांबून येणारा असतो. जनावर घाबरतं, मरत नाही. त्यासाठी जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. नुकसान झालंच तर भरपाईचा अर्ज वन विभागाकडे लगेच टाकायचा. उशीर झाला की पाहणीत काही उरत नाही.

खरं सांगायचं तर पिकाच्या राखणीत बंदुकीचा मुख्य उपयोग आवाजाचा असतो. ज्या रात्री बार निघतो, त्या रात्री कळप पांगतो. पण हवेत काढलेला बारही शेवटी खाली येतोच, आणि गावाजवळ, रस्त्याजवळ बार काढणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो. लग्नात, मिरवणुकीत आनंदाच्या भरात बार काढणाऱ्यांसाठी 2019 पासून स्वतंत्र तरतूद आहे. 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वर्षातले बाकीचे दिवस

जागलीच्या रात्री सोडल्या तर बंदूक वर्षभर घरातच असते. धोका मोजायचा तर खरं तिथे मोजायला हवा.

1 ऑक्टोबर 2024 ची सकाळ अनेकांना आठवत असेल. अभिनेता गोविंदा पहाटे मुंबईहून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवाना असलेलं स्वतःचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडलं आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायाला लागली. ते बरे झाले. ना भांडण, ना चोर, ना शिकार. आपल्याच घरात, आपलंच शस्त्र. भरलेलं शस्त्र ठेवायला-काढायला घेतलं की धोका सुरू होतो, मग ते जुहूच्या बंगल्यात असो की आर्वीच्या वाड्यात.

परवान्याच्या अर्जासोबत बंदूक सुरक्षित कुठे आणि कशी ठेवणार, याची माहिती द्यावी लागते. तो रकाना घाईत भरू नका. बंदूक रिकामी करून, कुलूपबंद लोखंडी कपाटात किंवा पेटीत. काडतुसं वेगळ्या कुलपात. दारू आणि टोप्या एकमेकांपासूनही वेगळ्या, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब. किल्ली परवानाधारकाकडेच. दाराच्या मागच्या खुंटीवर टांगलेल्या बंदुकीत रुबाब असतो हे मान्य, पण घरातल्या 6 वर्षांच्या पोराला त्या खुंटीपर्यंत पोचायला एक स्टूल पुरतो. पोरगं टीव्हीवर जे बघतं तेच करून बघणार.

किल्ली दुसऱ्याकडे द्यायची नाही, याला कायद्याचंही कारण आहे. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. मला ताप आहे, आज भाऊ जाईल बंदूक घेऊन, हे चालत नाही. परवान्यावर ज्याचं नाव नाही तो बेकायदा शस्त्र बाळगणारा ठरू शकतो आणि देणाराही अडकतो. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली ती हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरच्या पिस्तुलाने. पोलिसांनी त्या अंगरक्षकालाही अटक केली होती.

आता एक अवघड विषय. वर्धा हा 2006 मध्ये पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजमध्ये आलेल्या विदर्भातल्या 6 जिल्ह्यांपैकी एक. ते पॅकेज कशामुळे आलं होतं, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. जगभरातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की घरात बंदूक हाताशी असली की आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो. टोकाचा विचार अनेकदा थोडाच वेळ टिकतो. तो वेळ टळला तर माणूस वाचतो, आणि कुलूप तेवढा वेळ मिळवून देतं. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, असं कृषी विभाग आणि डॉक्टर सांगतात त्यामागे हेच कारण आहे. म्हणून घरातलं कुणी खचलेलं असेल, कर्जाने, नापिकीने किंवा कशानेही, तर बंदूक घरात ठेवू नका. परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती सुरक्षित ठेवण्यासाठी जमा करता येते आणि नंतर परत मिळते. यात अब्रू जाण्यासारखं काही नाही. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

निवडणुकीच्या काळात बंदुका ठाण्यात जमा करायची नोटीस अनेकांना येते. तो वेगळा भाग. कुणाच्या बंदुका जमा करायच्या हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. जमा करताना पावती घ्या आणि जपून ठेवा.

आजोबांची भरमार कुणाची?

टपरीवरचं शेवटचं मत राहिलं. बापाची किंवा आजोबांची बंदूक आहे, परवाना त्यांच्या नावावर होता, ते गेले. आता ती कुणाची?

परवानाधारक गेल्यावर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. घर आणि वावर यांचा फेरफार होतो तसा बंदुकीचा होत नाही. परवान्याचा आधार संपल्यावर ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. तेरवी होईपर्यंत थांबलो, मग पेरणी आली, मग राहूनच गेलं, असं करत वर्षं जातात आणि एक दिवस ती बिनपरवाना बंदूक ठरते. जमा केल्यानंतर वारस स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करू शकतो. प्रशिक्षणाचा आणि डॉक्टरांचा दाखला त्यालाही काढावा लागतो.

हयातीत सोय करायची असेल तर तीही आहे. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो.

आणि भिंतीवरची ती गंजलेली, 'आता काय चालणार' म्हणून टांगलेली भरमार? कायद्यात जुन्या, निकामी शस्त्राला सूट आहे, पण ते खरंच वापरण्याजोगं राहिलेलं नसेल तरच. घोडा पडत असेल, निपल शाबूत असेल, नळी मोकळी असेल तर ती वस्तू कायद्याच्या लेखी बंदूकच आहे. ती निकामी आहे का, हे घरच्या घरी टोपी लावून तपासू नका. आधी आर्वीच्या ठाण्यात जाऊन ती बंदूक घरात असल्याचं सांगा आणि पुढे काय करायचं ते विचारा. ती तपासायची कशी, ठाण्यात आणायची कशी, हे त्यांना ठरवू द्या, कारण तिच्या नळीत कुणीतरी कधीतरी भरून ठेवलेला बार अजूनही असू शकतो.